ठिगळ कोणी लावायचे?

भारतातल्या एखाद्या जुन्या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात गेले, की वातानुकूलित खोलीत एक महागडे उपकरण दिसते आणि त्याच्या शेजारी, त्या उपकरणाच्या मानाने अगदीच केविलवाणा वाटणारा, पांढऱ्याचा पिवळा पडलेला एक संगणक. क्ष-किरण विवर्तनमापी असो, वर्णपटमापी असो, की चुंबकत्व मोजणारे यंत्र असो, जोडी बहुधा अशीच. संगणकावर विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ चालू असते. पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने एक कागद लावलेला असतो : इंटरनेट जोडू नये, पेनड्राइव्ह लावू नये, सहायकांना विचारल्याशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर टाकू नये. पहिली आणि तिसरी सूचना निष्ठेने पाळली जाते. दुसरी पाळता येत नाही. इंटरनेट नसलेल्या संगणकातून मोजमापे बाहेर काढायची, तर पेनड्राइव्हवाचून दुसरा मार्गच नसतो.

तो पेनड्राइव्ह मग फिरत राहतो. उपकरणाच्या संगणकातून वसतिगृहातल्या लॅपटॉपमध्ये, तिथून मार्गदर्शकांच्या टेबलावर, मध्येच विद्यापीठाच्या फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात, आणि पुढच्या नमुन्याच्या वेळी पुन्हा उपकरणाकडे. एखाद्या सकाळी तो संगणक सुरूच होत नाही, किंवा सगळ्या फायलींची नावे भलतीच झालेली असतात. चौकशी सुरू होते. आदल्या दिवशी नोंदवहीत सही कोणाची आहे ते पाहिले जाते आणि प्रकरण बहुतेक वेळा तिथेच मिटते : सही करणारा दोषी. ज्या त्रुटीतून उपद्रव आत शिरला ती त्रुटी, सही करणारा विद्यार्थी दहावीसुद्धा झाला नव्हता तेव्हापासून जगाला ठाऊक होती. पण हे लिहायला नोंदवहीत रकाना नसतो.

सॉफ्टवेअरमधल्या जुन्या, उघड्या राहिलेल्या त्रुटींची जबाबदारी नेमकी कोणाची, हा वाद जगभर वर्षानुवर्षे चालू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला आणि तोच वाद नव्याने दारात आला. वादातली वाक्ये ठरलेली आहेत. उत्पादक म्हणतो, पॅच दिला होता, तुम्ही लावला नाही. वापरणारा म्हणतो, लावला असता तर यंत्र बंद पडले असते. उपकरण विकणारा म्हणतो, आमच्या परवानगीशिवाय संगणकात बदल केला तर वॉरंटी संपते. लेखा विभाग म्हणतो, चालू असलेल्या वस्तूसाठी नवी खरेदी कशाला? यांतले कोणीही खोटे बोलत नाही, आणि वाद सुटत नाही तो त्यामुळेच.

या वादाचे मूळ दोन आयुष्यांच्या लांबीत आहे. चांगले विवर्तनमापी वीस-पंचवीस वर्षे काम देते. नळी बदलायची, शोधक दुरुस्त करायचा, पुन्हा सुरू. संगणकप्रणालीचे आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे. विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली आणि तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला. साडेबारा वर्षे ही काही थोडी मुदत नव्हे. कंपनीवर या बाबतीत कंजुषीचा आरोप करणे अन्यायाचे होईल. पण २००८ साली घेतलेल्या उपकरणाच्या दृष्टीने ती मुदत सहाव्या वर्षीच संपली. उपकरणाचे नियंत्रण करणारे कार्ड फक्त एक्सपीच ओळखते. नवी प्रणाली हवी तर नवे कार्ड, नवे नियंत्रक सॉफ्टवेअर, आणि त्याचे कोटेशन काही लाखांचे. ज्या प्रकल्पातून उपकरण आले तो प्रकल्प तोवर संपलेला असतो.

पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना इथे अर्धायुष्याची आठवण होणे साहजिक आहे. पॅच प्रसिद्ध झाला की असुरक्षित संगणकांची संख्या घटू लागते आणि सुरुवातीचा आलेख किरणोत्सारी ऱ्हासासारखाच दिसतो. पुढे मात्र तो तसा राहत नाही. किरणोत्सारी अणूला स्मृती नसते. हजार वर्षे टिकून राहिलेल्या अणूची पुढच्या क्षणी क्षय पावण्याची शक्यता नव्या अणूइतकीच असते. संगणकांचे तसे नाही. ज्यांना पॅच लावणे सोपे, ते पहिल्या काही आठवड्यांत निघून जातात. मागे उरतात ते उपकरणाला, कराराला किंवा कोणाच्या तरी भीतीला बांधलेले. आलेखाला लांबच लांब शेपूट फुटते आणि या शेपटातला प्रत्येक संगणक जितका जुना होतो, तितकी त्याला पॅच लागण्याची शक्यता कमी होत जाते. ‘अपडेट करा’ हा उपदेश आलेखाच्या पहिल्या भागाला लागू पडतो. वाद आहे तो शेपटाचा.

मे २०१७ मधले वॉनाक्राय प्रकरण या दोन्ही भागांचे एकत्र दर्शन घडवते. संगणकांमध्ये फायलींची देवाणघेवाण करणाऱ्या एसएमबी या नियमावलीच्या पहिल्या, जुन्या आवृत्तीत ती त्रुटी होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ती माहीत होती. तिने तिच्यावर आधारलेले शस्त्र बनवून स्वतःजवळ ठेवले होते. मायक्रोसॉफ्टने पॅच दिला १४ मार्च २०१७ रोजी. बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने ते चोरलेले शस्त्र जगजाहीर केले. आणि १२ मे रोजी फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे वॉनाक्राय सुटले. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात होते.

तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळा राग विंडोज एक्सपीवर निघाला. प्रत्यक्षात बाधित संगणकांतले बहुसंख्य विंडोज ७ चे होते. एक्सपीवर वॉनाक्रायचा हल्ला नीट चालतच नसे. संगणक निळा पडदा दाखवून बंद पडे आणि संसर्ग पुढे सरकत नसे. विंडोज ७ ला पॅच दोन महिने आधी, फुकट मिळालेला होता. तिथे तो न लावण्याचा दोष संस्थांचाच, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत हजारो तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या, त्या मुख्यतः अशा दिरंगाईपायी.

एक्सपीची गोष्ट निराळी आहे. हल्ल्याच्या दिवशीच मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही पॅच सर्वांना खुला केला आणि आपण हे अत्यंत अपवादात्मक पाऊल उचलत आहोत असे सांगितले. मुद्दा असा, की सपोर्ट संपलेल्या प्रणालींसाठीचे हे पॅच विशेष शुल्क भरणाऱ्या मोठ्या ग्राहकांना मिळण्याची सोय आधीपासून होती. ठिगळ शिवून तयार होते. ते फक्त काउंटरच्या पलीकडे ठेवलेले होते. यात बेकायदा काहीच नव्हते. पण दार उघडे राहिल्याने जर सगळ्या गल्लीला धोका होत असेल, तर कुलूप पैसे देणाऱ्यालाच विकायचे का, हा प्रश्न तेव्हापासून कोणत्याही कंपनीला पूर्णपणे टाळता आलेला नाही.

भारतात या प्रश्नाचा सगळ्यात लखलखीत नमुना एटीएमच्या रूपाने समोर आला, आणि तो बातम्यांत येऊन विसरलाही गेला. एटीएम म्हणजे पोलादी पेटीत ठेवलेला साधा संगणकच. एकेकाळी देशातल्या फार मोठ्या संख्येच्या एटीएमवर विंडोज एक्सपी चालत असे. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा सपोर्ट संपला. रिझर्व्ह बँकेने १७ एप्रिल २०१७ रोजी बँकांना गोपनीय परिपत्रक पाठवून या यंत्रांबद्दल चिंता व्यक्त केली. वर्षभरात फारशी हालचाल झाली नाही. मग २१ जून २०१८ रोजी, या वेळी उघडपणे, दुसरे परिपत्रक निघाले. बँकांच्या संथपणाची गंभीर दखल घेतल्याचे त्यात स्पष्ट लिहिले होते आणि कालबद्ध कार्यक्रमच आखून दिला होता : बायॉसला पासवर्ड, यूएसबी पोर्ट बंद, ताजे पॅच हे सारे ऑगस्ट २०१८ पर्यंत, सपोर्ट असलेल्या प्रणालीवर सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के एटीएम, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्वच्या सर्व.

सपोर्ट संपल्यापासून शेवटच्या मुदतीपर्यंत पाच वर्षे. एवढा काळ का लागावा? एटीएमवर नाव बँकेचे असते, म्हणून ते बँकेचे असेल असे ग्राहकाला वाटते. पुष्कळदा तसे नसते. काही एटीएम बँकेच्या मालकीचे, काहींची यंत्रे सेवा पुरवणाऱ्या कंपनीची आणि पाटी फक्त बँकेची, तर काही थेट बिगर-बँक कंपन्यांची. यंत्र बनवणारा निराळा, आतले सॉफ्टवेअर लिहिणारा कधी निराळा, पैसे भरणारी संस्था निराळी, देखभालीचा कंत्राटदार निराळा, आणि या सगळ्यांच्या खाली मायक्रोसॉफ्ट. प्रणाली बदलायची तर नोटा मोजून देणाऱ्या भागाशी तिचे जुळते की नाही हे पुन्हा तपासावे लागते. जुन्या यंत्रांत नवी प्रणाली चालेल इतकी ताकदच नसते, म्हणजे आतला संगणकच बदलायचा. हा खर्च कोणाच्या करारात लिहिला होता? बहुतेक करार झाले तेव्हा हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नव्हता.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘कॉन्फेडरेशन ऑफ एटीएम इंडस्ट्री’ या उद्योगाच्या संघटनेने जाहीर इशारा दिला : नव्या नियमांचा खर्च झेपणारा नाही, देशातल्या सुमारे २ लाख ३८ हजार एटीएमपैकी १ लाख १३ हजार मार्च २०१९ पर्यंत बंद करावी लागतील. त्यात प्रणाली बदलण्याबरोबरच नोटांच्या कॅसेट बदलून नेण्याच्या नव्या पद्धतीचाही खर्च होता. तेव्हा एका बँकेच्या कार्डाने दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पैसे काढले, तर यंत्र चालवणाऱ्याला त्या व्यवहारामागे १५ रुपये मिळत. या पंधरा रुपयांत जागेचे भाडे, वीज, पहारेकरी, रोख रकमेची वाहतूक आणि आता सुरक्षेचे ठिगळही बसवायचे होते. इशाऱ्यात दबावतंत्र होते हे उघड आहे. तेवढी यंत्रे काही बंद झाली नाहीत. तरी त्या इशाऱ्यातले सत्य नाकारता येत नाही. पॅच फुकट मिळत असला तरी तो लावणे फुकट होत नाही, आणि किंमत ठरवताना त्या लावण्याचा हिशेब कोणीही धरलेला नव्हता.

या कथेला एक बोचरे शेपूट आहे. जून २०१९ ही शेवटची मुदत. एक्सपीवरून पुढची पायरी म्हणून ज्यांनी विंडोज ७ निवडली असेल, त्यांच्या त्या नव्या प्रणालीचा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला. मध्ये सात महिनेसुद्धा नव्हते.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, की मग सोपे आहे. वेळच्या वेळी अपडेट करावे, खर्च करावा, विषय संपला. वॉनाक्रायनंतर दीड महिन्यातच या सरळ उत्तरालाही तडा गेला. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा उपद्रव युक्रेनमध्ये सुटला. तिथल्या कंपन्या कर भरण्यासाठी एक हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरत. हल्लेखोरांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेट पाठवणाऱ्या सर्व्हरमध्येच घुसखोरी केली होती. म्हणजे ज्यांनी शहाण्यासारखे अपडेट घेतले, त्यांच्याच घरात चोर शिरला. तिथून तो जगभरच्या कंपन्यांत पसरला. पसरताना त्याने वॉनाक्रायचीच ती जुनी त्रुटी वापरली आणि शिवाय संगणकाच्या स्मृतीतले पासवर्ड चोरून, पॅच लावलेल्या संगणकांतही प्रवेश मिळवला. मार्स्क या डॅनिश जहाज कंपनीला पुढे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. तिच्याच समूहाचे एक टर्मिनल नवी मुंबईजवळ न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. तिथली संगणकव्यवस्था कोलमडली, काम हाताने करण्याची वेळ आली आणि कंटेनर साचू नयेत म्हणून बंदर प्रशासनाला पर्यायी व्यवस्था करावी लागली. युक्रेनमधल्या हिशेबनीसाच्या संगणकातून निघालेली चूक उरणच्या खाडीपर्यंत पोचायला काही तास पुरले. आता यात दोष कोणाचा? टर्मिनलवरच्या कर्मचाऱ्याचा तर नक्कीच नाही.

पेनड्राइव्हकडे परत यायला हवे, कारण प्रयोगशाळेचा धोका खरा तिथेच आहे. जून २०१० मध्ये स्टक्सनेट सापडले. इराणच्या अणुकार्यक्रमातली यंत्रे बिघडवण्यासाठी ते रचलेले होते आणि ते पेनड्राइव्हवरून पसरत असे. शॉर्टकट फायलीचे चित्र पडद्यावर नुसते उमटले, तरी आतला प्रोग्राम चालू होई. कशावर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. त्या वर्षीच्या मोजणीत सर्वाधिक संसर्ग इराणमध्ये, त्याखालोखाल इंडोनेशियात आणि तिसऱ्या क्रमांकावर भारतात होता. इथल्या यंत्रांचे त्याने काही बिघडवले नाही, कारण त्याला हवी ती जुळणी इथे नव्हती. पण ते आले होते, आणि पेनड्राइव्हच्या वाटेने काय काय येऊ शकते हे दाखवून गेले.

मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवर २ ऑगस्ट २०१० रोजी पॅच दिला. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १३ जुलैला, एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या आवृत्तीचा सपोर्ट संपला होता. ज्या संगणकांवर ती आवृत्ती होती, त्यांना तो पॅच मिळाला नाही. आणि ज्यांना मिळाला, ज्यांनी तो लगेच लावला, ते तरी सुटले का? मार्च २०१५ मध्ये उघड झाले, की २०१० चा तो पॅच अपुरा होता. त्याला वळसा घालता येत होता. तेव्हा नवा पॅच निघाला. म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळ सर्व नियम पाळणारा संगणक आणि काहीच न पाळणारा संगणक, या एका त्रुटीपुरते तरी एकाच नावेत बसलेले होते. ‘तुम्ही पॅच लावला नाही’ हे वाक्य उच्चारताना उत्पादकांचा आवाज जितका ठाम असतो, तितका असण्याचा अधिकार या उदाहरणानंतर त्यांना उरत नाही.

उत्पादक हा शब्द तरी सगळीकडे कुठे लागू पडतो? जगातल्या सॉफ्टवेअरचा मोठा पाया स्वयंसेवकांनी लिहिलेला आहे. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली. बँकांपासून ईमेलपर्यंत सगळे ज्यावर विसंबून होते त्या ओपनएसएसएलमध्ये ती २०१२ च्या आवृत्तीपासून होती. तोवर त्या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलर होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक. अलीकडे, २०२५ मध्ये, एफएफएमपेग या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या विकासकांचे आणि गूगलचे वाजले, तेही याच मुद्द्यावर. गूगलच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यात एक त्रुटी शोधली. ती होती १९९५ च्या एका गेममधली चित्रफीत उलगडणाऱ्या भागात. स्वयंसेवकांनी ती दुरुस्त केली, पण विचारले, की एवढी श्रीमंत कंपनी त्रुटी शोधून ती जाहीर करण्याची मुदत घालते, तर सोबत दुरुस्ती किंवा पैसे का पाठवत नाही? गूगलच्या बाजूनेही उत्तर आहे : त्रुटी लपवून ठेवली म्हणून ती नाहीशी होत नाही आणि ती हल्लेखोरालाही सापडू शकते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. तरीही फुकट धर्मशाळा बांधणाऱ्याला गळक्या छपराबद्दल नोटीस द्यायची आणि तिथे रोज शेकडो वऱ्हाडे उतरवून भाडे कमावणाऱ्याला काहीच विचारायचे नाही, हा न्याय विचित्र खरा.

कायदा याबाबत हळूहळू जागा होतो आहे. युरोपीय संघाचा सायबर रेझिलिअन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अस्तित्वात आला. त्यातल्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. डिजिटल वस्तू विकणाऱ्याने साधारणतः किमान पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवल्या पाहिजेत अशी अट त्यात आहे, आणि नफ्याविना काम करणाऱ्या स्वयंसेवकांना त्यातून बाहेर ठेवले आहे. भारतात सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांच्या आत कळवावी लागते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा माहिती नीट न सांभाळणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. दोन्ही तरतुदी आवश्यक आहेत. पण दोन्हींचे बोट वापरणाऱ्या संस्थेकडे आहे. ज्याने वस्तू विकली त्याने ती किती वर्षे सांभाळावी, हे त्या विचारत नाहीत. सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे मात्र योग्य दिशेचे पाऊल. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापलेले असतात, तसे सॉफ्टवेअरच्या पोटात कोणाकोणाचे काम आहे हे त्यातून कळावे. त्या अजून सूचनाच आहेत.

तोपर्यंत जबाबदारी ठरवण्याची एक जागा संस्थांच्या हातात आहे आणि ती बहुतेक वेळा वाया जाते : निविदा. विवर्तनमापीच्या निविदेत कोनाची अचूकता दशांश चिन्हापुढे चार घरांपर्यंत लिहिलेली असते, शोधकाचा प्रकार असतो, नळीची शक्ती असते, थंड पाण्याच्या यंत्राचा तपशील असतो. संगणकासाठी एक ओळ : योग्य क्षमतेचा संगणक, परवानाप्राप्त सॉफ्टवेअरसह. तांत्रिक समितीत बसलेले विद्वान अचूकतेवर तासभर वाद घालतात आणि या ओळीवरून नजर फिरवून पुढे जातात. मग सर्वांत कमी किमतीचा देकार स्वीकारला जातो. नियंत्रक सॉफ्टवेअर पुढच्या प्रणालीवर किती वर्षे चालवून दिले जाईल, ते कोणत्या दराने, पॅच लावल्याने वॉरंटी जाणार नाही याची हमी कोण देणार, यांतले काहीच विचारलेले नसल्यामुळे सर्वांत स्वस्त देकारात ते अर्थातच नसते. वार्षिक देखभालीच्या करारात क्ष-किरण नळीचा उल्लेख असतो. सॉफ्टवेअर वगळलेले असते. वादाच्या दिवशी जे प्रश्न सगळे एकमेकांना विचारतात, ते सगळे खरेदीच्या दिवशी विचारता आले असते, आणि त्या दिवशी विक्रेता नम्रही असतो.

जे उपकरण आधीच घरात आले आहे, त्याचे काय? त्याला साधा उपाय आहे आणि तो काही हजार रुपयांत होतो. एक लहानसा लिनक्स संगणक, अगदी रास्पबेरी पायसुद्धा चालतो, उपकरणाचा संगणक आणि विभागाचे जाळे यांच्या मध्ये बसवायचा. उपकरणाच्या बाजूने त्यात फक्त फायली येतात. विभागाच्या बाजूने त्या फक्त वाचता येतात. पेनड्राइव्हची गरज संपते. यातली एक गंमत विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विंडोज एक्सपीला फायलींच्या देवाणघेवाणीची एसएमबीची पहिलीच आवृत्ती येते, म्हणजे जिच्यातून वॉनाक्राय शिरला तीच. तेव्हा त्या मधल्या संगणकाने ती जुनी भाषा एका तारेवर बोलायची आणि दुसऱ्या तारेवर ती तोंडातूनही काढायची नाही. शिवाय उपकरणाच्या हार्डडिस्कची संपूर्ण प्रत एकदा काढून कपाटात ठेवायची. हा उपाय आहे हे पुष्कळांना माहीत असते. तो करण्याचे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले नसते, म्हणून तो राहून जातो.

आता पाळी विंडोज १० ची. २०१९-२० च्या सुमारास आलेली उपकरणे तिच्यावर चालतात. साध्या आवृत्तीचा सपोर्ट संपला आहे. पुढच्या दुरुस्त्या संस्थांना पैसे मोजून मिळतात आणि दर वर्षाला दुप्पट होतो. पण याच विंडोज १० ची एक दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे, एलटीएससी नावाची. ती मुळात वैद्यकीय उपकरणे, एटीएम, प्रयोगशाळेतली यंत्रे यांच्याचसाठी काढलेली आहे. तिच्या २०१९ च्या आवृत्तीला ९ जानेवारी २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दोन संगणक शेजारी ठेवले तर पडद्यावर फरक दिसत नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून आवृत्तीच्या नावात ही चार अक्षरे आहेत का, एवढे पाहायचे. ती अक्षरे असलेली २०१९ ची आवृत्ती असली तर त्या उपकरणाजवळ २०२९ पर्यंतचा वेळ आहे, साधी आवृत्ती असली तर तो ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला. हे प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला पुढच्या मोजमापाच्या वेळी पाहता येईल. ती आवृत्ती कोणी मागितली होती, किंवा कोणी मागितली नाही, याची नोंद मात्र उपकरणाच्या नोंदवहीत सापडणार नाही. ती खरेदीच्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल लेखा विभागाच्या कपाटात.